फोटो फाटतो तेव्हा

“बारा-अठरा केला तर फाटंल हा, भाऊ.”

नगरमध्ये दिल्ली गेटाच्या आत, एका बोळाच्या तोंडाशी, फ्रेम करून देणारं जुनं दुकान आहे. शहराचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं असलं तरी पाथर्डीहून एसटीत बसणारा माणूस अजून ‘नगरला चाललोय’ असंच म्हणतो, म्हणून मीही तसंच म्हणतो. दुकानातले काका साठीच्या पुढचे. माझा मोबाइल हातभर लांब धरून ते आमच्या आबांचा फोटो बघत होते.

आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाच्या आत भिंतीवर फोटो लागायला हवा, असं घरात ठरलं. आबांचे फोटो तसे मोजकेच. एक आधार कार्डावरचा, एक सोसायटीच्या कर्जप्रकरणाला जोडलेला. दोन्हींत आबा कर्ज बुडवल्यासारखे दिसतात. हसतानाचा एकच होता, चुलतबहिणीच्या लग्नातला, फॅमिली ग्रुपवर आलेला. त्यात चौघं उभे आहेत आणि आबांना अगदी खेटून आजी. तिचा हिरवा पदर आबांच्या खांद्यावर आलेला. मला त्यातून फक्त आबा हवे होते, बारा बाय अठरा इंचांत.

‘फोटो फाटतो’ हा शब्द फ्लेक्सवाले, डीटीपीवाले, फ्रेमवाले सर्रास वापरतात. मी पुण्यात एका कंपनीत खरेदीच्या अ‍ॅपमधली चित्रं लहान-मोठी करणारा कोड सांभाळतो. आमच्याकडे याच गोष्टीला ‘पिक्सेलेट होणं’ म्हणतात. मी काकांना म्हणालो, “डीपीआय वाढवून घेतो ना.” त्यावर ते म्हणाले, “पीठ तेवढंच आन् भाकर मोठी थापायला गेलं की फाटतीच की.”

माझ्या चार वर्षांच्या पदवीपेक्षा हे वाक्य जास्त नेमकं होतं. ग्रुपवरून आलेला तो फोटो दाबून दाबून १६०० बाय १२०० पिक्सेलचा झाला होता. त्यातला आबांपुरता भाग ५६० बाय ८४०. तो बारा बाय अठरा इंचांवर पसरला की इंचाला जेमतेम ४७ पिक्सेल येतात. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल असावेत, असा छपाईतला प्रघात आहे. डीपीआय हा फोटोचा गुण नाही. आहेत ते ठिपके किती जागेत पसरायचे, एवढंच तो आकडा सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये ७२ खोडून ३०० लिहिलं म्हणून पीठ वाढत नाही.

फाटणं तर अगदी शब्दशः खरं आहे. जेपीईजी पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करून फाइल हलकी करते. फोटो फार दाबला आणि मग मोठा केला की या चौकोनांच्या कडा दिसायला लागतात. गालावर शिवणी उसवल्यासारख्या रेघा येतात. ‘पिक्सेलेट’ हा शब्द ऐकून मला काहीच दिसत नाही. ‘फाटतो’ म्हटलं की कापड दिसतं, भाकरी दिसते, आणि कुणीतरी गरजेपेक्षा जास्त ताणलंय हेही कळतं.

तरीही मी काकांना म्हणालो, “मी घरून नीट करून आणतो.”

रात्री गावी गेल्यावर एका फुकटच्या एआय अ‍ॅपमध्ये फोटो टाकला. ‘क्रॉप’ दाबलं, आजी गेली. पदराचा हिरवा पट्टा राहिला होता. आत्या म्हणाली, “हार घालायच्या फोटोत जित्या माणसाचं काही ठेवू नये.” म्हणून ‘इरेज’ दाबलं, पदर गेला आणि त्या जागी पांढऱ्या सदऱ्याचा धडधाकट खांदा आला. मग ‘एनहान्स’ दाबलं. चेहरा लख्ख झाला. इंचाला ३०० पिक्सेल, कुठे फाटलेलं नाही. मी कौतुकानं आजीला दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्यो कोन पाहुना?”

नाकाशेजारचा चामखीळ गेला होता. पडलेले दोन दात परत आले होते. अ‍ॅपनं लाखो चेहरे बघून ‘म्हातारा माणूस साधारण असा असतो’ हे शिकून घेतलं होतं आणि जिथे आबांबद्दलची माहिती नव्हती तिथे तो साधारण म्हातारा भरला होता. मी रोज हेच काम करतो. तरी मला ते दिसलं नाही, आजीला दिसलं. त्या रात्रीपासून हे शब्द डोक्यात घोळत राहिले.

तीन बटणं मी दाबली, क्रॉप, इरेज, एनहान्स. तिन्ही मराठीत म्हणून बघा. ‘मी आजीला क्रॉप केलं’ हे वाक्य मी सहज बोललो. ‘मी आजीला फोटोतून कापलं’ हे मला म्हणता आलं नसतं. इंग्रजी बोलणाऱ्याला क्रॉप या शब्दात छाटणं ऐकू येत असेल. आपल्याकडे तो शब्द येताना सुरी बाहेर ठेवून आला. ‘एनहान्स केलं’ म्हणजे सुधारलं असं वाटतं. प्रत्यक्षात मी एका माणसाच्या जागी दुसरा उभा केला होता. शब्द परका आहे ही माझी तक्रार नाही. ‘फोटो’ही परकाच आहे, आणि तो आपण इतका आपला केला आहे की शिर्डीच्या रस्त्यावर काचेत बसवलेलं छापील चित्रही ‘फोटो’च असतं आणि माणूस गेला हे ‘भिंतीवर फोटो लागला’ एवढ्यात सांगता येतं. तक्रार आहे ती कर्ता लपवणाऱ्या शब्दांबद्दल.

तशी ही सवय आपल्या मराठीतही आहे. आपण फोटो ‘काढतो’, विहिरीतून पाणी काढावं तसा. पण चांगला निघाला की म्हणतो, ‘छान आलाय.’ जणू तो आपला आपण चालत आला. कुठे उभं राहायचं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं, ते त्या ‘आलाय’मध्ये विरघळून जातं.

फ्रेमच्या दुकानात असं विरघळू देत नाहीत. तिथे चौकटीला लावायची ‘पट्टी’ असते, लाकडाची किंवा हल्ली फायबरची. ती ४५ अंशांत कापली नाही तर कोपऱ्यात फट राहते आणि ती फट जन्मभर दिसते. पट्टीला आतून खाच असते. काच, चित्र आणि मागचा हार्डबोर्ड त्या खाचेत बसतात आणि चित्राच्या चारही कडा थोड्या थोड्या पट्टीखाली जातात. म्हणून काका आधी विचारतात, “पट्टीखाली किती जाऊ द्यायचं?” चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा ‘माउंट’ घालतात. तो दिसायला बरा म्हणून असतो, असं मला वाटायचं. खरं काम वेगळं आहे. काच थेट फोटोला टेकली की दमट हवेत फोटो काचेला चिकटतो. माउंट दोघांत अंतर ठेवतो. इथे प्रत्येक शब्दाला जाडी आहे. कापायचं असेल तर कापणारा समोर बसलेला असतो आणि तो विचारून कापतो.

आमच्या कोडमध्ये हाच प्रश्न एका ओळीत सुटतो. फोटोचं प्रमाण आणि चौकटीचं प्रमाण जुळत नाही, हे तर रोजचंच. फोनचा फोटो सहसा ४:३ असतो. बारा-अठरा आणि चार-सहा हे आकार २:३ चे, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या ३६ बाय २४ च्या चौकटीशी जुळणारे. आठ-दहा ४:५ चा. न जुळणारा फोटो चौकटीत बसवायचे दोन मार्ग आहेत, ‘कव्हर’ आणि ‘कंटेन’. कव्हर म्हणजे चौकट पूर्ण भरा, जे मावत नाही ते कापा. कंटेन म्हणजे फोटो पूर्ण ठेवा, उरलेली जागा रिकामी दिसली तर दिसू द्या. आम्ही जवळपास नेहमी कव्हर निवडतो. रिकामी जागा ग्राहकाला खटकते. कापलेलं त्याला कळतच नाही.

आता ‘चौकट’ या शब्दाकडे येतो. मराठीत समीक्षा वाचताना हा शब्द बहुतेक वेळा आरोपी म्हणून भेटतो. लेखक चौकट मोडतो, नायिका चौकटीत घुसमटते, विचार चौकटीबाहेरचा असतो. घर बांधणाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द असा येत नाही. दाराची चौकट बसवताना मुहूर्त बघतात, तिची पूजा करतात. ती नसेल तर दार कशाला टांगणार आणि उघडणार कुठे? ‘तसबीर’ या शब्दाचंही तसंच. फारसीतून आलेला हा शब्द मुळात नुसता चित्र या अर्थाचा. मराठीत तसबीर म्हटलं की काच आणि पट्टीसकट भिंतीवरचं चित्र डोळ्यांपुढे येतं. म्हणजे आपल्या भाषेनं कधीतरी चित्र आणि चौकट ही एकच वस्तू मानली होती. चौकटीत दोष नाही. कुणी, कुठे आणि सांगून कापलं की न सांगता, हे विचारायला हवं. माझ्या जिल्ह्याशी जोडलेल्या दोन कलाकृती मी या प्रश्नासाठी पुन्हा पाहिल्या.

पहिली जवळपास साडेचारशे वर्षांपूर्वीची. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशाह याच्यावरचं आफताबी नावाच्या कवीचं फारसी काव्य. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेचे जे अगदी सुरुवातीचे नमुने उरले आहेत त्यांत तिची गणना होते. १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, त्याच वर्षी हुसेन वारला. पुढची काही वर्षं मुलगा मुर्तजा याच्या नावानं राणी खुंजा हुमायूननं कारभार पाहिला. चांदबिबी ही तिचीच मुलगी. नंतर मुर्तजानं आईला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकलं.

या प्रतीतल्या चित्रांत राणी राजाच्या सोबत बसलेली काढली होती. त्या काळच्या दरबारी चित्रांत ही दुर्मीळच गोष्ट. मात्र बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर कुणीतरी पुसून टाकली. तिची सत्ता गेल्यावर हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात. मी ही चित्रं प्रतिकृतींतच पाहिली आहेत, पण तिथेही ते जाणवतं. राजाची बसण्याची ढब शेजारी कुणीतरी आहे अशी आणि शेजारी एक मळकट डाग. मांडणीतला तोल ज्या माणसाच्या भरवशावर साधला होता तो माणूसच नाही.

या चित्रांवर लिहिताना तो डाग चित्राबाहेरचा, नंतर झालेला बिघाड म्हणून बाजूला ठेवता येतो. मला वाटतं, आज आपल्यासमोर असलेल्या चित्राचा तो सर्वांत बोलका भाग आहे. पुसणाऱ्याला राणी नको होती, पण त्याच्याकडे ‘इरेज’चं बटण नव्हतं. त्याला रंगाला हात लावावा लागला आणि हाताची खूण राहिली. म्हणून आज आपण विचारू शकतो, इथे कोण होतं? माझ्या अ‍ॅपनं आजीचा पदर काढला तेव्हा डाग ठेवला नाही, त्या जागी सदरा विणून दिला. निजामशाहीतला तो अनामिक माणूस माझ्यापेक्षा क्रूर असेल, पण पुरावा मात्र मीच नीट नष्ट केला.

दुसरी कलाकृती अगदी अलीकडची, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३ चा. त्यातलं अकोळनेर हे गाव नगरजवळचं. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगितलं, “चौकट मोडणारा सिनेमा आहे.” परवा पुन्हा पाहिला आणि स्वतःच्या वाक्याची लाज वाटली. हा सिनेमा चौकट मोडत नाही. तो चौकटीला कामाला लावतो.

डुक्कर पकडलं गेल्यानंतरचं दृश्य आठवा. जब्याच्या घरचे ते बांधून खांद्यावरून नेत आहेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. संवाद नाही, भाष्य नाही. पुढे डुक्कर, मागे ती चित्रं, दोन्ही एकाच चौकटीत. यातलं एक काहीतरी क्रॉप करून बघा. नुसती भिंत ठेवली तर पंधरा ऑगस्टचं शुभेच्छापत्र होतं. नुसतं डुक्कर आणि माणसं ठेवली तर गरिबीवरचा माहितीपट होतो. दिग्दर्शकानं जागा अशी निवडली की काहीच कापावं लागलं नाही. आमच्या भाषेत हे ‘कंटेन’ आहे. बघणाऱ्याला अवघड वाटलं तरी सगळं आत ठेवायचं.

त्याआधी राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकराच्या मागे धावणारी माणसं जागच्या जागी थांबतात. सिनेमात ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात ती इथे संकलनाच्या टेबलावर झालेली नाही, माणसांनीच उभं राहून केली आहे. डुक्कर मात्र त्या चौकटीला बांधील नाही.

आणि शेवटचा दगड. जब्या भिरकावतो, दगड थेट आपल्याकडे येतो, पडदा काळा होतो. हा दगड चौकट फोडतो, असंच मी तेव्हा समजलो होतो. पण चौकट नसती तर दगड कुणीकडे गेला असता? आपण कडेच्या अलीकडे बसलोय, अंधारात, सुरक्षित, हे त्या दगडामुळे कळतं आणि ते कळायला कड असावी लागते. सिनेमाभर आपल्याला वाटत राहतं की आपण जब्याच्या बाजूला आहोत. शेवटच्या क्षणी तो सांगतो की तुम्ही टवाळी करणाऱ्या गर्दीच्या रांगेत बसलेले आहात. बघणारा चित्राबाहेर असतो, ही सोय तो काढून घेतो.

माझं जुनं वाक्य म्हणजे ‘कव्हर’ होतं. माझ्या मनात ‘बंडखोर सिनेमा’ नावाची एक चौकट तयार होती. ती पूर्ण भरावी म्हणून मी ‘फँड्री’तलं बरंच कापून टाकलं. शालूवरचं एकतर्फी प्रेम, काळ्या चिमणीमागचं वेड, जत्रेत नाचायचं सोडून डोक्यावर दिवा धरून उभं राहावं लागणं, आणि मुळात लेकरानं नीट वागावं म्हणून जीव तोडणारा आणि तरी त्याला त्याच कामाला जुंपणारा बाप. माझ्या वाक्यात यातलं काहीच मावलं नाही आणि न मावल्याची खूणही राहिली नाही. कुणी त्याला नुसती कोवळी प्रेमकथा म्हटलं तर तेही असंच कापणं होईल. समीक्षेलाही चौकट लागतेच, सगळं सांगता येत नाही. पण काय पट्टीखाली गेलं हे लेखात कुठेतरी दिसायला हवं.

माझ्याकडूनही इथे काही पट्टीखाली गेलं आहे, ते सांगतो. ‘तारीफ’चं फारसी मी वाचलेलं नाही, त्यामुळे चित्रांना कवितेपासून तोडूनच मी बोललो. आणि जब्याच्या वाट्याला जे येतं ते मी कडेच्या अलीकडे बसूनच पाहिलेलं आहे.

पुढच्या आठवड्यात मी मूळ फोटो घेऊन पुन्हा दुकानात गेलो. पाहुण्याची गोष्ट सांगितली तेव्हा काका हसले नाहीत. म्हणाले, “लई येत्यात असले. लोकं घिऊन जात्यात आन् महिन्याभरानं परत येत्यात.” मग त्यांनी उपाय सांगितला तो इतका साधा होता की मला कोडमध्ये कधी सुचला नव्हता. फोटो मोठा करायचाच नाही. चार बाय सहाचा छापायचा, भोवती रुंद पांढरा माउंट आणि चौकट दहा बाय बाराची. भिंतीवर मोठं दिसायचं काम माउंट करेल, आबांना ताणायची गरज नाही.

मी मनातल्या मनात हिशेब केला. ५६० बाय ८४० पिक्सेल चार बाय सहा इंचांत म्हणजे इंचाला १४०. भिंतीवरचा फोटो आपण चार फुटांवरून बघतो. तेवढ्या अंतरावरून डोळ्याला इंचाला सत्तर-ऐंशीपेक्षा जास्त ठिपके वेगळे कळतच नाहीत. फाटणार नाही.

“पदराचं काय करायचं?” मी विचारलं. “आत्या नको म्हणते.”

“कापायचा कशाला? माउंटची खिडकी तेवढी अलीकडं घेऊ. पदर माउंटखाली राहील.” आणि माउंटच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं रेघ मारता मारता म्हणाले, “पुढं कधी दाखवायचा झाला तर नुसता माउंट बदलायचा.”

पुढं कधी म्हणजे कधी, ते आम्ही दोघंही बोललो नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी फोटो लागला. लांबून बघितलं तर भिंतीवर पांढरी जागाच जास्त दिसते. एक चुलते म्हणाले, फोटो जरा बारीकच झाला. चामखीळ मात्र आहे आणि हसताना दात नाहीत तेही दिसतं. आजीनं हार घालायच्या आधी पदरानंच काच पुसली. माझ्याकडे न बघता विचारलं,

“माझा पदर हाय ना आत?”

“आहे.”

“मंग झालं,” म्हणाली आणि हार नीट केला.